वाढ्यावरचे गिनी पिग : प्राण्यांवरच्या संशोधनाची परवानगी मिळवताना

माझ्या कॉलेजात प्राणिगृह नव्हतं, ओळखीत कुणी गिनी पिगवर काम केलेलं नव्हतं आणि 'एथिक्स कमिटी' असं नुसतं ऐकलं तरी पोटात गोळा यायचा. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. उसाचं वाढं, म्हणजे तोडणीत निघणारा पानांसकट हिरवा शेंडा, गिनी पिगला किती पचतं, यावरचा माझा पीएचडीचा प्रबंध यंदा जमा झाला. त्यातलं प्राण्यांसोबतचं प्रत्यक्ष काम दोन-अडीच महिन्यांचं. परवानगीला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. त्या काळात मला हवी असलेली माहिती मराठीत कुठे सापडली नाही, म्हणून जे जसं घडलं ते क्रमाने लिहिते.

विषयाचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. घाना, बेनिन, नायजेरिया या देशांत ग्रासकटर नावाचा मोठा कृंतक, म्हणजे कुरतडणारा, प्राणी पाळतात. गण उंदराचा, पण जवळचं नातं साळिंदराशी आणि गिनी पिगशी. पूर्ण वाढलेला नर चार-पाच किलोच्या पुढे जातो. जाड गवताचे दांडे आणि ऊस हे त्याचं आवडतं खाणं. तिथे त्याच्या मांसाला फार मागणी आहे आणि त्याला बाहेर काढायला शिकारी गवताळ रानं पेटवून देतात. शिकार आणि वणवे कमी व्हावेत, लोकांना घराजवळ मांस मिळावं, म्हणून 1970 च्या सुमाराला घानात त्याला पिंजऱ्यात पाळून बघायला सुरुवात झाली. पुढे 1980 च्या दशकात बेनिनमध्ये जर्मनीच्या मदतीने मोठा प्रकल्प उभा राहिला.

हे संशोधन वाचताना मी रमून गेले, कारण त्यातले प्रश्न आपल्या गोठ्यातल्यासारखे आहेत. माजावर कधी येते, किती घालायचं, किती वाया जातं, पिल्लं का दगावतात. ग्रासकटरचा गाभणकाळ सुमारे 152 दिवसांचा, म्हणजे पाच महिने, आणि एका वेताला साधारण चार पिल्लं. ससा महिन्याभरात वितो, त्यापुढे हे फार संथ. पिल्लं मात्र डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. जात अजून पुरती माणसाळलेली नाही. दचकली की पिंजऱ्यावर आपटून जखमी होते. त्यामुळे शांत जनावरं निवडून त्यांचीच पुढे पैदास करणं हा तिथल्या संशोधनाचा एक मोठा भाग आहे.

मला धरून ठेवलं ते चाऱ्याच्या भागाने. तिकडे ग्रासकटरला मुख्यतः हत्ती गवत आणि गिनी गवत घालतात. ही दोन्ही गवतं आमच्या बांधावर आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि जयवंत हे वाण हत्ती गवत आणि बाजरीच्या संकरातूनच आलेले. शिवाय गळीत हंगामात आमच्याकडे उसाच्या वाढ्याचे ढीग लागतात. वाढं गाई-म्हशींना जातं, उरलेलं फडातच पेटतं. असा खरबरीत, प्रथिनं कमी असलेला चारा लहान जनावराच्या पोटात किती पचतो, हा प्रश्न मला तिथून मिळाला.

2022 च्या सुरुवातीला मी गाईड सरांना भीतभीतच विचारलं, "सर, ग्रासकटर इथे आणता येईल का?" सरांनी पेन खाली ठेवलं. "अगं, ऊस खाणारा, नदीकाठी राहणारा, पोहणारा प्राणी तू कृष्णाकाठी आणणार? दोन सुटले तर पुन्हा धरणार कोण?" मग त्यांनी कोयपूची गोष्ट सांगितली. हा दक्षिण अमेरिकेतला पाणथळीतला मोठा कृंतक फरसाठी म्हणून 1929 मध्ये इंग्लंडात आणला. पिंजऱ्यातून सुटलेले पूर्व इंग्लंडच्या पाणथळीत वाढले, बांध पोखरले, पिकं खाल्ली. 1981 मध्ये त्यांना हटवायची शेवटची मोहीम सुरू झाली आणि 1989 मध्ये ते संपले. सांगलीच्या आयर्विन पुलाखालून पुराचं पाणी गावात शिरताना 2019 आणि 2021 ला पाहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावावं लागत नाही. ग्रासकटर तिथेच राहावा, त्याच्यावरचं शास्त्र इथे वाचावं, असं त्या दिवशी ठरलं आणि मला ते आजही पटतं.

मग गिनी पिग. तो भारतात नोंदणीकृत पैदासकारांकडे मिळतो, आणि ग्रासकटरसारखाच त्याचा चारा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, अंधांत्रात, आंबून पचतो. दोघेही आपलीच मऊ विष्ठा परत खातात. तेवढ्यातून जंतूंनी बनवलेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं पदरात पडतात. पेरूमध्ये तर गिनी पिग हेच घरोघरचं पशुधन आहे, आणि लिमाजवळच्या ला मोलिना कृषी विद्यापीठात त्याच्या चाऱ्यावर अनेक वर्षं काम चाललं आहे. माझ्या प्रश्नाला तो चालणार होता.

आराखडा विद्यापीठाच्या समितीपुढे त्याच वर्षी पावसाळ्यात मंजूर झाला. मंजुरीच्या पत्रात एक ओळ होती: प्राणी वापरण्यापूर्वी संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची परवानगी आवश्यक. त्या एका ओळीने पुढचं दीड वर्ष घेतलं.

आता कायद्याचं थोडं, कारण सुरुवातीला मला यातलं काहीच नीट माहीत नव्हतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती आहे. प्राणिगृह तिच्याकडे नोंदवलेलं असावं लागतं. अशा प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत स्थानिक एथिक्स कमिटी असते. तिच्यात संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्यक, बाहेरचा एक शास्त्रज्ञ, शास्त्राबाहेरची एक सामाजिक जाणीव असलेली व्यक्ती आणि केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधी असतो. उंदीर, ससा, गिनी पिग यांच्यासारख्या लहान प्राण्यांचा निर्णय ही स्थानिक कमिटीच घेते. मोठ्या प्राण्यांचे अर्ज दिल्लीच्या दिशेने जातात. त्यामुळे गिनी पिगवाल्यांनी फार घाबरायचं कारण नाही. आपली फाईल जिल्ह्यातच फिरते.

नोंदणीकृत प्राणिगृह शोधायला मात्र पाय दुखले. इथे एक उपयोगी गोष्ट सांगते: विज्ञान कॉलेजात शोधू नका, फार्मसी कॉलेजात शोधा. औषधांच्या चाचण्यांसाठी त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे नोंदणी असते. मी दोन-तीन ठिकाणी गेले. एका ठिकाणी नोंदणीची मुदत संपून नूतनीकरण अडकलं होतं. दुसऱ्या ठिकाणी "बाहेरच्यांना देत नाही" म्हणून परत पाठवलं. शेवटी इस्लामपूरच्या पुढच्या एका कॉलेजात प्राणिगृहाच्या प्रमुख मॅडमनी चहा पाजून माझं सगळं ऐकून घेतलं. "चाऱ्याचा प्रयोग आहे, सुई-कात्री नाही, मग अडचण काय?" त्या म्हणाल्या. दोन्ही प्राचार्यांच्या सह्यांचा करार शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला. (2024 च्या ऑक्टोबरपासून त्या जागी पाचशेचा लागतो, तो खर्च धरून ठेवा.) भेटायला जाण्याआधी एवढं विचारा: नोंदणी क्रमांक काय, मुदत कधीपर्यंत, आणि कमिटीची पुढची बैठक कधी. या तीन उत्तरांवर तुमचं सगळं वेळापत्रक ठरतं.

त्यानंतर फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज. एरवी अर्ज म्हणजे नाव-गाव-सही, पण हा फॉर्म माणसाला विचार करायला लावतो. हाच प्राणी का? प्राण्याशिवाय हे काम का होणार नाही? इतकेच प्राणी का, याहून कमी का नाहीत? हा प्रयोग आधी कुणी केला आहे का? प्राण्याला त्रास होऊ लागला तर कोणत्या टप्प्यावर थांबाल? प्रयोग संपल्यावर त्यांचं काय करणार? मी एकेका रकान्यापुढे दोन-दोन संध्याकाळी बसले. 'प्राण्याशिवाय का नाही' याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की वाढ्याचं रासायनिक पृथक्करण आधी करून घ्यायला हवं. ते मुळात माझ्या आराखड्यात नव्हतं. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या रकान्यातून आलं.

प्राण्यांच्या संख्येचा हिशेब सांगते, कारण तिथे बरेचजण अडतात. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची. उत्तर 10 ते 20 च्या मध्ये आलं तर संख्या योग्य मानतात. माझे गट तीन: हत्ती गवत, वाढं, आणि वाढ्यासोबत थोडा पाला. प्रत्येक गटात सहा, म्हणजे अठरा प्राणी; अठरातून तीन गेले की पंधरा. दहाचा गट धरला असता तर सत्तावीस आले असते आणि बारा प्राणी विनाकारण पिंजऱ्यात बसले असते. हा हिशेब अर्जात मांडून दाखवा. सांख्यिकीच्या शिक्षकांची सही असेल तर उत्तम.

अर्ज दिवाळीआधी दिला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मार्चच्या आसपास फड आटोपतात. हिरवं वाढं मिळतं ते या मधल्या काळातच. बैठक नोव्हेंबरात होणार होती. केंद्रीय प्रतिनिधीला वेळ नव्हता आणि त्यांच्याशिवाय बैठक भरत नाही, म्हणून ती डिसेंबरवर गेली, मग जानेवारीवर. ती झाली फेब्रुवारी 2023 मध्ये. आष्ट्याच्या रस्त्याने एसटीतून जाताना दोन्ही बाजूंचे फड रिकामे होत चाललेले दिसायचे आणि जीव वरखाली व्हायचा. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "आलं का गं तुझं पत्र?" त्यांना नाही म्हणून सांगताना मलाच वाईट वाटायचं.

बैठकीत मला जेमतेम वीस मिनिटं मिळाली असतील. समोर आठ माणसं. पशुवैद्यक डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाला कुठला?" मी सुबाभूळ लिहिलं होतं, आमच्याकडे शेळ्यांना सर्रास घालतात, प्रथिनं भरपूर. ते म्हणाले, "शेळीच्या पोटातले जंतू सुबाभळीतलं मिमोसिन बऱ्यापैकी मोडतात. गिनी पिगला ते झेपणार नाही, केस गळतील. लसूणघास घ्या." तिथल्या तिथे बदल झाला. मग त्यांनी क जीवनसत्त्वाचं विचारलं. माणसासारखंच गिनी पिगचं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. 1907 मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनी पिगमध्येच स्कर्व्ही घडवून तो आहारातला दोष असल्याचं दाखवलं. पाण्यात मिसळलेलं क जीवनसत्त्व लवकर नासतं, म्हणून रोज ताजं द्रावण करून ड्रॉपरने तोंडात द्यायचं असं ठरलं. शास्त्राबाहेरच्या सदस्य, एक निवृत्त शिक्षिका, शेवटी म्हणाल्या, "यातलं एकही मारणार नाही ना तू?" मी नाही म्हटलं. "मग प्रयोग संपल्यावर ते कुठे राहतील, ते लिहून दे." तो मुद्दा माझ्या अर्जात एका ओळीत होता. त्यांनी तो पूर्ण परिच्छेद करून घेतला. माझ्या मते त्या बैठकीतलं सर्वात मोलाचं काम तेच झालं.

दुरुस्त अर्ज दिला, पत्र मार्चअखेर आलं. हंगाम संपला होता. कोरड्या पाचटावर प्रयोग करून चालणार नव्हता, म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबणं आलं. मी खूप रडले, हे लिहायला लाज वाटत नाही. ते महिने मग बेनिनमधले शोधनिबंध वाचण्यात घालवले. त्यातले बरेचसे फ्रेंचमध्ये आहेत. फोनवर भाषांतर करत, आकड्यांचे तक्ते वहीत उतरवत वाचले. त्याच वर्षी केंद्रीय समितीचं नाव बदललं, सीपीसीएसईएचं सीसीएसईए झालं. आमच्या करारावर, फॉर्मवर, पिंजऱ्याच्या पट्ट्यांवर जुनं नाव होतं. प्राणिगृहाच्या मॅडमनी सगळं नव्याने टाईप करायला लावलं. तेव्हा जड गेलं, पण पुढे तपासणीत एकही शेरा आला नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये प्राणी आले. पैदासकाराकडून घेताना त्याचा नोंदणी क्रमांक असलेलं बिल आणि आरोग्याचा दाखला घ्याच. त्याशिवाय फॉर्म सीची, म्हणजे आलेल्या प्राण्यांची, नोंद पुरी होत नाही. एक गिनी पिग मला साधारण आठशे रुपयांना पडला. आल्यावर आठवडाभर वेगळ्या खोलीत क्वारंटाइन, त्यानंतर हळूहळू नव्या चाऱ्याची सवय. एकदम बदललं तर पोट बिघडतं.

वाढं मी तोडणीच्या टोळीकडून घ्यायचे. बीडकडून आलेल्या एक मावशी भल्या पहाटे पेंढ्या बांधून बैलगाडीशेजारी रचून ठेवायच्या. वाढं विकून येणारा पैसा हा त्यांच्या हातखर्चाचा. मी गिनी पिगसाठी नेते हे कळल्यावर त्या वरचे कोवळे तुकडे वेगळे काढून द्यायला लागल्या. मला मात्र सरसकट हवं होतं, नाहीतर गोठ्यात जे घालतात त्याची तुलना होणार नव्हती. हे समजावल्यावर त्यांनी पेंढीच्या मधोमध कोयता मारून दिला आणि म्हणाल्या, "घे, आता सगळं सारखं."

प्राणिगृहात पिशवीचा आवाज झाला की अठराही जण एका सुरात शिट्टी घालायचे. वाढ्याचं पान ते टोकाकडून धरतात आणि कडेकडेने आत ओढत नेतात. मधली जाड शीर बऱ्याचदा तशीच राहते. ती शीर रोज वेचून, वाळवून, वजन करावी लागे, कारण घातलेल्यातून उरलेलं वजा केलं तरच खाल्लेलं कळतं. वजन करताना प्राणी स्टीलच्या खोल भांड्यात ठेवायचा, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पचनाच्या चाचणीसाठी आठवडाभर एकेकाला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावं लागलं. हा कळपात राहणारा प्राणी. म्हणून पिंजरे असे लावले की शेजारच्याचा आवाज आणि वास येत राहील. फेब्रुवारीत दुपारी पारा चढायला लागला. खोलीचं तापमान 29 अंशांच्या आत ठेवायचा नियम आहे, त्यामुळे कूलर आणि खिडक्यांना ओली गोणपाटं. ऊन वाढायच्या आत काम संपवा, एवढं हंगामी चाऱ्यावर काम करणाऱ्यांना सांगेन.

खर्चाचं विचारतात म्हणून: प्राणी, पिंजऱ्याचं रोजचं भाडं, पेलेट खाद्य, एसटी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे प्रयोगशाळेतल्या तपासण्या. नायट्रोजन आणि तंतूंच्या तपासणीला नमुन्यागणिक पैसे पडतात. सगळं मिळून साठ-सत्तर हजारांच्या घरात गेलं. मला शिष्यवृत्ती नव्हती. तासिकांचं मानधन वर्षातून दोनदा येतं, त्यामुळे प्रयोगशाळेला आधीच विनंती करून बिलं दोन हप्त्यांत भरली. विचारलं तर बहुतेक जण ऐकतात.

निष्कर्ष थोडक्यात असा की नुसत्या वाढ्यावरच्या गटाची वजनं सर्वात कमी वाढली आणि लसूणघासाची जोड मिळाल्यावर फरक स्पष्ट दिसला. हत्ती गवताचा गट मधे राहिला. अठरा प्राण्यांवरून याहून मोठं काही म्हणता येत नाही आणि मी प्रबंधातही म्हटलेलं नाही.

माझ्या कामाची बातमी फुटल्यावर फोन यायला लागले. "मॅडम, त्या आफ्रिकेतल्या प्राण्याचं पिल्लू कितीला मिळेल?" "गिनी पिगचा फार्म टाकला तर नफा किती?" 2019 मध्ये आमच्या भागात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत कितीतरी शेतकऱ्यांचे कष्टाचे पैसे बुडाले. ते डोळ्यांसमोर असताना मी प्रत्येकाला एकच उत्तर देते: ग्रासकटर इथे आणायचा नाही, गिनी पिगला इथे बाजार नाही, आणि माझा अभ्यास चाऱ्याचा आहे, धंद्याचा नाही. लहान जनावराचं काही करायचंच असेल तर फलटणच्या निंबकर संस्थेचं काम बघून या. गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणला, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. परवा एक तरुण खरंच जाऊन आला आणि दोन माद्यांची चौकशी करून परतला, तेव्हा फार बरं वाटलं.

मार्च 2024 मध्ये फॉर्म डीची, म्हणजे प्रयोगाची, नोंदवही पूर्ण केली, कमिटीला अंतिम अहवाल दिला आणि त्या शिक्षिका बाईंनी लिहून घेतल्याप्रमाणे सगळे गिनी पिग प्राणिगृहाच्या पैदाशीच्या गटात गेले. हस्तांतराच्या पावतीची प्रत प्रबंधाच्या परिशिष्टात जोडा. विद्यापीठाकडून ती मागितली जाते. माझ्या भरलेल्या फॉर्म बीमधली नावं-पत्ते काढून एक प्रत विभागात ठेवली आहे. आमच्याच एका मुलीने यंदा त्यावरून सशांचा अर्ज तयार केला. तिच्या कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि तिचा चारा बारमाही आहे.